तोटा कोण भरतो, हे आधी विचारा

प्रश्न नाशिकरोडच्या एका तरुणाचा आहे. वडील प्रेसमधून निवृत्त झालेले, तो स्वतः अंबडच्या एका खासगी कारखान्यात प्रॉडक्शनला. जेवणाच्या ताटावर रोज वाद होतो, असे तो लिहितो. मुलाचे म्हणणे, सरकारी कंपन्या म्हणजे पांढरे हत्ती, एकदा विकून मोकळे व्हावे. वडील म्हणतात, आम्ही रात्रपाळ्या करून नोटा छापल्या म्हणून तुमचे व्यवहार चालले. "तुम्ही दोन्हीकडचे हिशेब पाहिले आहेत, खासगी कंपनी खरेच जास्त कार्यक्षम असते का ते सांगा," असे त्याने विचारले आहे.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. सुरुवातीची 9 वर्षे एका सरकारी उपक्रमाच्या कॉस्टिंग विभागात काढली, त्यानंतर आजपर्यंत सातपूर, अंबड, सिन्नरच्या खासगी कारखान्यांचे कॉस्ट ऑडिट करतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. आधी एका बेअरिंगची गोष्ट सांगतो.

सरकारी नोकरीत असताना आमच्याकडच्या एका यंत्राचे बेअरिंग गेले. किंमत 4 हजारांच्या आत, पण स्टोअरमध्ये शिल्लक नव्हते. मग इंडेंट, म्हणजे खरेदीचे मागणीपत्र, निघाला, त्यावर विभागप्रमुखाची सही, तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, वित्त विभागाची सहमती. सर्वांत कमी दर, म्हणजे आमच्या भाषेत एल-वन, ज्याचा निघाला तो पुरवठादार नकली माल देतो हे स्टोअरच्या शिपायालाही ठाऊक होते. पण एल-वनला डावलायचे तर फाइलवर कारण लिहून खाली सही करावी लागते, आणि ती सही करायला एकही जण तयार नव्हता. शेवटी पुन्हा कोटेशन मागवली. 11 आठवडे यंत्र उभे राहिले. मी त्याच्या उभे राहण्याचा खर्च काढला तेव्हा तो बेअरिंगच्या किमतीच्या कित्येक पट निघाला. तो कागद मी वर पाठवला, पण त्यावर पुढे काही झाले नाही, कारण उभ्या यंत्राचा खर्च कोणाच्याही नावावर पडत नव्हता.

काही वर्षांनी एका खासगी कारखान्यात तसेच बेअरिंग गेले. मेंटेनन्सचा पोरगा मोटरसायकल काढून गेला, जेवणाच्या सुट्टीपर्यंत माल आला, संध्याकाळी बिल पास झाले आणि दुसऱ्या पाळीला यंत्र चालू.

इथे थांबलो तर वादात तुम्ही जिंकलात. पण त्याच खासगी कारखान्यात पॅकिंगचे सगळे साहित्य मालकांच्या नातेवाइकाच्या फर्मकडून येत असे, बाजारभावाच्या जवळपास दीडपट दराने. ते मी अहवालात लिहिले. मालकांनी शांतपणे वाचले आणि अहवाल कपाटात ठेवून दिला. पुढे मंदी आली तेव्हा कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ कित्येक महिने भरलाच गेला नाही. तिथे महालेखापाल नव्हते, माहितीचा अधिकार लागू नव्हता, विधिमंडळात प्रश्न विचारायला कोणी आमदार नव्हता. ज्या चोरीच्या भीतीने सरकारी खरेदी 11 आठवड्यांची झाली, तीच चोरी तिथे उघडपणे चालली होती.

सरकारी खरेदीची घडण चोरी रोखण्यासाठी झाली आहे, वेळ वाचवण्यासाठी कधीच झाली नाही, हे मला या दोन अनुभवांतून कळले. त्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्याचा हिशेब करून पाहा. बेअरिंग दोन दिवसांत आणले तर त्याला काही मिळत नाही. नियमाबाहेर आणले आणि पुढे तक्रार झाली तर दक्षता विभागाची चौकशी निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. शिवाय सरकारी कंपनी घटनेच्या अनुच्छेद 12 प्रमाणे 'राज्य' मानली जाते, त्यामुळे हुकलेल्या निविदेसाठी कोणीही थेट उच्च न्यायालयात जाऊ शकतो. खासगी मालकाला "तुम्ही मला ऑर्डर का दिली नाही" असे कोणी कोर्टात विचारत नाही. माझ्या अनुभवात सरकारी आणि खासगी माणसाच्या कष्टात फारसा फरक नव्हता. निर्णय घेण्याची जोखीम मात्र सगळी एकाच बाजूला होती.

आता कार्यक्षमता मोजायची कशी, इकडे येऊ. इथे बहुतेक लोक पहिल्याच पायरीवर घसरतात आणि ताळेबंदातला नफा पाहतात. नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस 1928 पासून चालू आहे. 2006 पर्यंत ती अर्थ मंत्रालयाचा एक विभाग होती, त्यानंतर ती, शेजारची इंडिया सिक्युरिटी प्रेस, चार टांकसाळी, देवास आणि हैदराबादचे छापखाने आणि होशंगाबादची कागद गिरणी मिळून एक महामंडळ झाले. ते नफ्यात असते. पण तिथे छापलेल्या नोटांना गिऱ्हाईक जवळपास एकच, रिझर्व्ह बँक. गिऱ्हाईक ठरलेले असले की नफ्यावरून कसब कळत नाही. उलट एसटीचा तोटा पाहून एसटीतले सगळे नालायक ठरवणेही तितकेच चुकीचे.

प्रेसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तुमच्या वडिलांना विचारा, वाया गेलेल्या एका शीटचे काय करतात. ते शीट मोजले जाते, नोंदले जाते, साक्षीदारांसमोर नष्ट होते. खासगी कारखान्याच्या नजरेने ही सगळी माणसे 'अनुत्पादक'. पण बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणाच्या तपासात प्रेसमधून भंगारात निघालेल्या यंत्रांचा विषय निघाला, तेव्हा या मोजण्याची किंमत सगळ्या देशाला कळली. नोटेच्या कारखान्यात काटेकोरपणा हाच अर्धा माल असतो आणि तो कोणत्याही विक्रीच्या आकड्यात दिसत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा याच कामगारांनी सुट्ट्या सोडून जादा पाळ्या केल्या. मागणी वाढली म्हणून दर वाढवण्याची सोय त्यांच्या हाती नव्हती, तशी कोणी अपेक्षाही केली नाही.

एसटीची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला जास्त त्रास देते. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली. आज आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यात रात्रीची मुक्कामी गाडी जाते, गावात थांबते आणि पहाटे पोरांना, भाजीवाल्या बायकांना, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्यांना घेऊन परत येते. मुलींना शाळेचा पास मोफत, 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून पूर्ण मोफत, सर्व महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट. सवलतीचे पैसे सरकारने द्यायचे, आणि ते वेळेवर येतीलच असे नाही. वर तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर. मुंबई नाक्यावरून पुण्याला सुटणारी खासगी गाडी यातले काय करते? भरलेली जाते, भरलेली येते आणि सणासुदीला दर चढवते. तिचा नफा आणि मुक्कामी गाडीचा तोटा एका तक्त्यात मांडून निकाल लावणारा माणूस परिव्ययाची, म्हणजे कॉस्टिंगची, परीक्षा पहिल्या पेपरलाच नापास होईल.

म्हणून मी एसटीकडे पाहतो तेव्हा नफा बाजूला ठेवतो आणि वेगळे आकडे मागतो. एक गाडी दिवसात किती किलोमीटर धावते. दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर जाते. किलोमीटरमागे कार्यशाळेचा खर्च किती. वाटेत बंद पडलेल्या फेऱ्या किती. भारमान, म्हणजे गाडीतल्या भरलेल्या जागांचे प्रमाण, किती. यातले भारमान मार्गावर अवलंबून असते, त्यामुळे ते सुरगाण्याचे सुरगाण्याशीच ताडून पाहावे. डिझेल आणि ब्रेकडाउन मात्र सरळ कामाचे आकडे आहेत. खासगी ट्रॅव्हल्सवाला याच आकड्यांवर जगतो आणि तिथे तो बहुतेक वेळा पुढे असतो, हे मी मान्य करतो. जुनाट गाड्या, रखडलेली सुट्ट्या भागांची खरेदी, बदलत राहणारे वरिष्ठ अधिकारी, हे खरे रोग आहेत. मुश्कील अशी की सवलतीमुळे झालेला तोटा आणि हलगर्जीमुळे झालेला तोटा एकाच ओळीत लिहिला जातो. मग कामगार संघटना म्हणते, सगळा तोटा सामाजिक जबाबदारीचा. टीकाकार म्हणतो, सगळा आळसाचा. दोघांनाही खोटे पाडायला कोणाकडे आकडा नसतो. तोट्याच्या फेऱ्यांचा किलोमीटरमागे दर आधी ठरवून सरकारने तो दरमहा चुकता केला, तर उरलेल्या तोट्याला आगारप्रमुख ते महाव्यवस्थापक यांपैकी कोणालातरी जबाबदार धरता येईल. आज तसे करता येत नाही.

मालकी बदलली की काय होते, याचा प्रयोग बघायचा तर बाहेर कुठे जायला नको. महाराष्ट्रात विजेच्या वितरणात तो होऊन गेला आहे. दरपत्रक एकच, नियामक आयोग एकच, तारा आणि खांब तेच, फक्त चालवणारा बदलला. इतकी स्वच्छ तुलना अभ्यासकाला क्वचितच मिळते.

26 जानेवारी 2007 ला महावितरणने भिवंडी टोरेंट पॉवरकडे चालवायला दिली. त्या वेळी भिवंडीत निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच वसूल होत नव्हते. यंत्रमागांचे गाव, तारांवर आकडे टाकून वीजचोरी सर्रास, कर्मचाऱ्यांना मारहाणीची भीती. नव्या कंपनीने पैसा ओतला, मीटर बदलले, प्रत्येक रोहित्रावर मोजमाप बसवून कुठल्या गल्लीत किती वीज जाते आणि किती पैसे येतात ते जुळवले. काही वर्षांत गळती 20 टक्क्यांच्या आसपास आली. मीटर पळतात, वसुली दांडगाईने होते, अशा तक्रारी तिथे सातत्याने झाल्या आणि त्यातल्या सगळ्या खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. पण वीज पूर्वीपेक्षा भरवशाची झाली, हे तिथले कारखानदारही सांगतात.

हे यश पाहून 2011 मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचे काही विभाग वेगवेगळ्या खासगी कंपन्यांना दिले. औरंगाबादचा करार 2014 मध्ये संपवावा लागला, जळगावचा 2015 मध्ये, आणि नागपूर सप्टेंबर 2019 मध्ये महावितरणकडे परत आले. तीनही ठिकाणी चालवणारे खासगीच होते. मग फरक कुठे पडला?

माझ्या वाचनाप्रमाणे तीन गोष्टींत. भिवंडीत गळती इतकी प्रचंड होती की नीट मोजमाप सुरू केले तरी कमाई दिसू लागली. इतर शहरांत ती मध्यम होती, तिथला प्रत्येक टक्का खाली आणायला जास्त भांडवल आणि जास्त वर्षे लागतात. दुसरी गोष्ट बोलीची. या कंपन्यांनी करार मिळवण्यासाठी महावितरणला प्रति युनिट देण्याचा दर चढा बोलला, आणि तो पेलेना तेव्हा महावितरणची देणी थकली. तिसरी गोष्ट म्हणजे टोरेंटला अहमदाबाद-सुरतेत वीज वाटण्याचा जुना अनुभव होता आणि खिशात पैसा होता. बाकीच्यांपैकी काही कंपन्यांच्या मागे कर्जाचे लचांड होते.

चौथी बाजू सहसा कोणी मांडत नाही. पुणे किंवा आपल्या नाशिक शहरात महावितरणनेच, म्हणजे त्याच सरकारी कंपनीच्या त्याच सेवानियमांत वाढलेल्या अभियंत्यांनी, भिवंडीच्या तेव्हाच्या गळतीपेक्षा कितीतरी कमी गळती ठेवून दाखवली. मालक एक, निकाल वेगळे. तेव्हा मालकी हे एकच उत्तर असू शकत नाही. आपल्या जिल्ह्यातले मालेगाव मार्च 2020 पासून खासगी फ्रँचाइझीकडे आहे. तेही यंत्रमागांचे गाव असल्याने भिवंडीशी त्याची तुलना करण्याजोगी आहे. मात्र शेतीपंपांच्या बिलांचा प्रश्न या शहरी प्रयोगांत फारसा आलाच नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून मोफत वीज हा राज्य सरकारच्या मर्जीचा निर्णय आहे. तो महावितरण राबवते म्हणून त्याचा भार तिच्या ताळेबंदात दिसतो.

खासगी असले की शिस्त आपोआप येते, असा ज्यांचा विश्वास आहे त्यांनी एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आठवावा. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला. खासगी कंपनी, परदेशी भांडवल, आधुनिक यंत्रे. पण वीज घेवो न घेवो, राज्य वीज मंडळाने पैसे द्यायचेच असा करार, त्यावर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. दर इतका चढला की मे 2001 मध्ये वीज मंडळाने खरेदीच थांबवली. ज्याचा तोटा दुसरा कोणीतरी भरणार हे आधी ठरलेले असते, तो खर्चाकडे बघत नाही, मग तो ह्यूस्टनच्या एन्रॉनचा असो की मंत्रालयातला. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी कारखान्यांत हाच रोग पाहून त्याला 'मऊ अंदाजपत्रक' म्हटले होते. आपल्याकडे त्याला जुना आणि नेमका शब्द आहे: थकहमी, म्हणजे कर्ज थकले तर सरकार भरेल ही हमी. सहकारी साखर कारखान्यांना सरकारी थकहमीने कर्जे मिळत गेली, त्याचा शेवट कसा होतो हे निफाड आणि पळशाच्या शेतकऱ्यांनी बंद धुराड्याकडे बघत वर्षानुवर्षे सोसले आहे. आणि मार्च 2020 मध्ये येस बँक अडचणीत आली तेव्हा तिलाही बुडू दिले नाही, स्टेट बँकेने पुढे होऊन सावरले. ठेवीदारांसाठी ते योग्यच होते, पण मोठ्या खासगी संस्थेलाही थकहमीची उशी असते हे त्यातून दिसतेच.

उलट उदाहरणेही आपल्या ओळखीची आहेत. कोकण रेल्वे सरकारी महामंडळाने बांधली. 1990 मध्ये सुरुवात, 26 जानेवारी 1998 ला लोकार्पण, सह्याद्रीच्या पोटातून 700 किलोमीटरहून लांब मार्ग. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांना पुरेसा काळ मिळाला, रोखे काढून पैसा उभारण्याची मोकळीक मिळाली, आणि कंत्राटदाराचा निर्णय जागेवर घेता आला. मारुती 1981 मध्ये सरकारी कंपनी म्हणून सुरू झाली, 1982 मध्ये सुझुकीने 26 टक्के हिस्सा घेतला आणि डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली. अर्थात तेव्हा बाजार संरक्षित होता, लोक वर्षानुवर्षे रांगेत उभे होते, हेही ध्यानात ठेवायला हवे. तरी उत्पादनाची जी शिस्त तिथे रुजली ती सरकारी भागभांडवल बहुमतात असतानाच रुजली.

ओझरच्या एचएएलबद्दल नाशिकमध्ये सगळ्यांचे मत असते, म्हणून थोडेसे. 1964 मध्ये मिग लढाऊ विमानांसाठी हा कारखाना उभा राहिला. तिथल्या खर्चाचा मोठा भाग कामगारांच्या वेगापेक्षा ऑर्डरच्या लयीवर ठरतो. सुखोईची मोठी ऑर्डर संपत आली तसा काही काळ शॉपफ्लोअर मोकळा झाला. पुढे डिसेंबर 2024 मध्ये 12 नव्या सुखोईंचा करार झाला आणि तेजसची जोडणीही ओझरला आली. मधल्या काळात कुशल फिटरला घरी पाठवता येत नाही, कारण तो तयार व्हायला 10 वर्षे लागतात. एकाच गिऱ्हाइकासाठी, खंड पडत ऑर्डर मिळणारा खासगी विमान कारखाना उभा केला तर त्याचाही दर विमानामागे चढाच येईल. सातपूर-अंबडच्या ज्या वर्कशॉपना ओझरचे काम मिळते, त्यांना हे चांगले ठाऊक आहे.

मधला मार्ग म्हणून आपण सिटीलिंक ही नाशिकची शहर बससेवा काढली. 8 जुलै 2021 ला ती सुरू झाली. मार्ग आणि तिकीट महापालिकेच्या कंपनीचे, गाड्या आणि माणसे ठेकेदारांची, पैसे किलोमीटरप्रमाणे. कागदावर हा करार मला आवडतो, कारण त्यात सामाजिक जबाबदारीची किंमत दिसते. पण पगार थकल्याने चालक-वाहकांनी काम बंद केले आणि शहर ताटकळले, असे पुन्हा पुन्हा घडले. ठेका देताना सर्वांत कमी दर पाहिला जातो, तो दर चालकाच्या पगारातून वसूल होतो आणि त्याचा जाब कोणी विचारावा हे करारात पुरते लिहिलेले नसते. बेअरिंगच्या वेळचा एल-वन इथेही आहेच, फक्त या वेळी त्याच्या जागी माणसे आहेत.

आता तुम्ही थेट विचारलेले: विकावे का? माझे मत सांगतो. जिथे गिऱ्हाइकाला उठून दुसऱ्याकडे जाता येते, तिथे सरकारने दुकान मांडून बसू नये. सरकारचा मॉडर्न पावाचा कारखाना 2000 मध्ये विकला, बरे झाले. एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये टाटांकडे परत गेली, तो निर्णय खूप आधी व्हायला हवा होता. दरम्यान साठलेले कर्ज आपण सर्वांनी भरले. जिथे गिऱ्हाईक अडकलेले आहे, म्हणजे पाणी, विजेच्या तारा, डोंगरातली बस, तिथे विकण्याआधी नियामकाचे दात तपासावेत. दात नसतील तर सरकारी मक्तेदारीची खासगी मक्तेदारी होईल आणि निवडणुकीत जाब विचारण्याची सोयही जाईल. नोटा, पासपोर्ट, लढाऊ विमाने यांत मालकी बदलण्यापेक्षा त्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्याला प्रामाणिक चुकीचे संरक्षण देणे मला जास्त तातडीचे वाटते. ठरावीक रकमेपर्यंतची देखभाल-खरेदी त्याच्या एका सहीवर होऊ द्या आणि वर्षअखेरीला उभ्या यंत्रांचे तास त्याच्या नावावर लिहा. माझा तो 11 आठवड्यांचा कागद अशा व्यवस्थेत पडून राहिला नसता.

वादासाठी एक करून पाहा. तुमच्या लाइनवरचा मागच्या महिन्याचा रिजेक्शनचा तक्ता घरी आणा. कंपनीची गोपनीय नावे खोडून आणा. वडिलांना म्हणावे, तुमच्या सेक्शनला शीट वाया जाण्याचे प्रमाण कसे धरायचे आणि ते वाढले तर कोणाला बोलावले जाई, ते शेजारी लिहून द्या. यंत्र बंद पडल्यावर किती वेळात चालू होई, सुट्टा भाग कोण आणि किती दिवसांत आणे, हेही त्यांच्या आठवणीतून लिहून घ्या आणि तुमच्याकडचे आकडे त्यापुढे मांडा. कोणत्या ओळीत कोण पुढे आहे ते मला कळवा. मला खरोखर पाहायचे आहे.